राखेचा कागद

मालनने सावडलेली आईची राख नदीत सोडली, आणि नदीने ती घेतलीच नाही. पाण्यात पसरण्याआधीच कण एकमेकांना चिकटले, बंधाऱ्याच्या जाळीवर जाऊन बसले आणि बघता बघता त्यांचा करडा, ओला कागद झाला.

"अक्का, आमच्या मिलमध्ये अस्साच कागद धरतो," तिचा धाकटा भाऊ जयसिंग खालच्या आवाजात म्हणाला.

लगद्यातला एकही तंतू पाण्याबरोबर वाया जाऊ नये म्हणून मिल त्यात नवं पॉलिमर टाकायची. ते कशानेच नष्ट होत नव्हतं. सांडपाण्यातून नदीत उतरलं आणि तिथंही दिसेल ते धरत सुटलं. कल्ले चिकटून मासे मेले. पाणी मात्र काचेसारखं नितळ झालं, आणि त्याच पाण्याचे फोटो दाखवून मिलने पर्यावरणाचं बक्षीस लाटलं!

मालनने कागद पदरात घेतला.

"अक्का, माझी नोकरी जाईल गं."

"आई अडकलीय, आणि तुला नोकरीचं पडलंय?"

ती ओल्या पायांनी थेट मॅनेजर सबनीसांच्या केबिनमध्ये शिरली.

"बाई, आमचं केमिकल निरुपद्रवी आहे," सबनीस म्हणाले. "नदी बघा, किती स्वच्छ!"

तिने कागद त्यांच्या टेबलावर पसरला. "ही माझी आई. लावा हात."

सबनीसांनी खुर्ची मागे सरकवली.

"नदी घेईना, तुम्ही हात लावेनात. मग आता ती इथंच राहील. दहावंही तुम्हीच घाला. पिंडाचं तुम्ही बघा, न्हावी मी पाठवते."