नवव्या ग्लासाचे गुण

पुंडलिककाकांनी नववा ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, एक घोट तोंडात घोळवला आणि कागदावर लिहिलं : तीन. दहापैकी तीन.

बोईसरजवळच्या त्या चिकू वाइनच्या कारखान्यात बावीस वर्षं काकांचाच शब्द शेवटचा. पण गेले दोन महिने त्यांच्या गुणांचा मेळ लागेना. एकाच पिंपातल्या वाइनला सकाळी आठ गुण, तर दुपारी चार! म्हणून मालक नीलेशने आज परीक्षाच लावली. आडोशाला भरलेले नऊ ग्लास. त्यातले तीन एकाच बाटलीतले; कुठले, ते फक्त त्याला ठाऊक. आधी काका चाखणार, मागून त्यांच्या हाताखालची हंसा. ज्याचे गुण त्या तिन्हींना सारखे, चाखणाऱ्याची खुर्ची त्याची.

हंसा सालवडला खोली घेऊन राहायची. आधी एका केमिकल कंपनीत होती, दोन महिन्यांपासून इथे. कामाला मात्र वाघीण. आज ग्लासही तिनेच धुतले. टॉवेल भिजला, तशी बाहेरच्या पिशवीतलं आपलं निळ्या चौकड्यांचं फडकं आणून तिने ओळीतले शेवटचे तीन लख्ख पुसले. काकांनी मान डोलावली. अशी माणसं आता मिळतात कुठे?

प्रत्येक ग्लास ती खिडकीच्या उजेडात धरून कितीतरी वेळ बघत राहिली. मग जेमतेम एक घोट. तिचे गुण लिहून झाले, तशी तिने ग्लास विसळायला नेले.

नीलेशने दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"दुसरा, पाचवा आणि नववा एकाच बाटलीतले होते, काका. हंसाचे सात, सात, सात. तुमचे आठ, आठ, तीन."

"नवव्याला खारट वास होता रे. दर्याकाठी येतो तसा. सातव्या-आठव्यालाही होता."

"चिकूत दर्या कुठून येणार?"

"एकदा परत बघू दे मला."

"गुण लिहिले की पुन्हा चाखायचं नाही. नियम तुमचाच ना?"

नियम त्यांचाच होता. नाक गेलं म्हणजे सगळंच गेलं. बायको गेली तेव्हाही त्यांना इतकं पोरकं वाटलं नव्हतं. माझ्या नाकाचा भरवसा उरला नाही, असं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं आणि सही केली. नीलेशने कागद फायलीत लावला. थांबा म्हणाला नाही.

फाटकाशी हंसा मागून धावत आली. डोळे भरलेले. तिने एक पुरचुंडी काकांच्या हातात कोंबली. निळ्या चौकड्यांची.

"आईने सुके बोंबील पाठवलेत. रोज डब्याला आणते, तुमाला कधी दिलेच नाय. फडक्यासकट न्या."

काकांनी पुरचुंडी नाकाशी नेली. डोळे मिटले.

"लई वास मारतंय का हो?" तिने आवाज खाली आणला. "तुमाला म्हणून सांगते, काका. कंपनीत गॅस गळला ना, तवापासून मला कसलाच वास येत नाय."