जाणाऱ्याला कासेयो

“पप्पा, शेवटचं ‘यो’ खाऊ नका. ‘यो’ खाल्लं की साहेबांना अरे-तुरे केल्यासारखं होतं.”

“आपल्या ‘या ओ’मधल्या ‘ओ’सारखं व्हय?” बन्सीनं विचारलं.

“अगदी तसंच.”

संस्कृतीनं मोबाईलवर मालिका बघून बघून कोरियन उचलली होती. आता गारखेड्यातल्या दोन खोल्यांत रोज सकाळी ती बापाची शिकवणी घेत होती. वेळच तशी आली होती. बन्सीच्या कंपनीत नवीन कोरियन साहेब आले होते, आणि एक तारखेपासून गेटवर दोघांच्या जागी एकच वॉचमन राहणार होता. बन्सी की फकिरा, ते साहेब ठरवणार होते. फकिराची दोन्ही पोरं कमावती. इकडं संस्कृतीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष बाकी. बन्सीला नोकरी टिकवणं भागच होतं.

“निरोपाचे शब्द दोन,” संस्कृती म्हणाली. “जाणाऱ्याला म्हणायचं, अन्न्यंगही कासेयो. सुखानं जा. आणि मागं राहणाऱ्याला, अन्न्यंगही केसेयो. सुखानं रहा. अदलाबदल करू नका, हसं होतं.”

“सोपं हाय. जायचं ते काशीला, म्हणून कासेयो. ऱ्हायचं ते घरी केस विंचरत, म्हणून केसेयो.”

बन्सीच्या डोक्यावर विंचरायला काही उरलं नव्हतं, पण शब्द पक्के बसले.

त्या दिवसापासून संध्याकाळी साहेबांची गाडी गेटवर आली की बन्सी कमरेत वाकायचा. “अन्न्यंगही कासेयो.” काच खाली यायची. साहेब हसून म्हणायचे, “अन्न्यंगही केसेयो.” महिनाभर एक दिवस खाडा नाही. बन्सी वाकलेला असायचा तेवढ्यात फकिरा गाडीची डिकी उघडून बघायचा, वहीत नंबर लिहायचा आणि नुसता सलाम ठोकायचा.

“अरे, साहेबाची कसली डिकी तपासतो?” बन्सी त्याला म्हणायचा. “जरा अदब शिक.”

“मला नाय जमत ते यो-बियो,” फकिरा म्हणायचा.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी गाडी गेटवर थांबली आणि साहेब चक्क खाली उतरले. त्यांनी एक डबा दोन्ही हातांनी बन्सीपुढं धरला. दोन हातांनी देतात ते मानाच्या माणसाला, हे संस्कृतीनं सांगितलं होतं. बन्सीनंही दोन्ही हातांनी घेतला. मग साहेब वाकले, बन्सीपेक्षाही खाली. बन्सीचा ऊर भरून आला. पोरीचं वर्ष पार पडलं म्हणायचं.

फकिराला काहीच मिळालं नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. “झालं,” तो पुटपुटला. “तू राहिला गड्या. मी गेलो.”

बन्सीला त्याची दया आली. साहेब गाडीत बसले तसा तो डबा छातीशी धरून वाकला आणि खणखणीत म्हणाला, “अन्न्यंगही कासेयो.”

काच खाली आली. साहेब आज हसले नाहीत. त्यांनी बन्सीकडं बघून सावकाश दोन शब्द उच्चारले. गाडी निघून गेली.



“काय म्हणले रे साहेब?” फकिरानं विचारलं.

बन्सीनं डोक्यावरची टोपी काढली, गेटच्या किल्ल्या काढल्या आणि दोन्ही हातांनी फकिरापुढं धरल्या.

“काशीला जा म्हणले.”