राहिलेला धक्का

वकार सरांनी शेवटी भूकंपासाठी सरकारकडे अर्ज केला. असा कुठलाही अर्ज झालेला नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

झालं एवढंच, की सकाळी नांदेड हललं आणि सरांना ते कळलंच नाही. तेव्हा ते लोह्याहून मोटारसायकलवर क्लासला येत होते. त्या रस्त्यावर भूकंप वेगळा ओळखू यायची काही सोय नाही.

क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवत. शिवाय रोज मधल्या सुट्टीत, नेटवर शोधलेलं एक नवल स्टाफरूममध्ये आणून ठेवत. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा दिवस वर्षापेक्षा मोठा असतो. बायॉलॉजीच्या नाजिया मॅडम डबा खाता खाता "अच्छा" म्हणत. "पुढं?" असं त्यांनी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. सर त्या एका शब्दावर डोळे लावून होते.

आज मधोमध केमिस्ट्रीचे हनुमंत सर बसले होते.

"कपबशा वाजायल्या खडखड! मी म्हणलं, बायको रागात हाय."

"पुढं?" नाजिया मॅडमनी विचारलं.

वकार सरांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. "रिश्टरचं माप असं असतं, की..."

"सर, तुम्हाला धक्का जाणवला का?" मॅडम म्हणाल्या.

"मी गाडीवर..."

"न्हाई ना? मग बसा की गप," हनुमंत सर म्हणाले. "तर मी तसाच बनियनवर पळालो..."

वकार सर उठून जिन्यात आले. मोबाइलवर भूकंपाची सरकारी वेबसाइट उघडली. 'आपल्याला धक्का जाणवला का?' त्यांनी 'नाही' दाबलं आणि खालच्या चौकटीत लिहिलं: 'माझा राहून गेला. कृपया पुन्हा द्यावा. मोठा नको, हनुमंत सरांएवढाच.'

पायरीवर शिवकांताबाई थर्मास घेऊन बसल्या होत्या. स्टाफचा चहा त्याच करत.

"आज मधी येत न्हाई, सर. हितंच घ्या."

"तुम्हालाही जाणवला?" सरांना याही गोष्टीचा राग आला.

"मी किल्लारीकडची. मला ट्रक गेला तरी जाणवतो."

"मोठा भूकंप झाला तेव्हा तुम्ही..."

"ल्हान होते. उकडायलं म्हणून एकटीच अंगणात निजले." त्यांनी कप भरला. "बाकी समदे घरात."

सरांच्या ओठांवर 'पुढं?' आलं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

मग मोबाइलवरचा मजकूर खोडला आणि नव्यानं लिहिलं:

'सविनय विनंती, की श्रीमती शिवकांता यांच्या नावे आजवर जमा असलेले सर्व धक्के कमी करून ते अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावेत.'