अश्मपुरीचा सहावा भाग

"पहिल्या भागानंतर सगळे लेखक पाणी घालतात," गुरुदत्त सर म्हणाले, "हा एक सोडून."

समोर कळव्याच्या वाचनालयाची योगिनी बसली होती. शनिवारच्या व्याख्यानाचं ठरवायला आली होती. छत्तीस वर्षं मराठी शिकवलेल्या सरांची दृष्टी चार वर्षांपूर्वी गेली, पण मतं शाबूत होती. अद्भुत कादंबऱ्यांच्या मालिका शिळ्या का होतात, यावर ते बोलणार होते. 'अश्मपुरी' ही मालिका त्यांचा अपवाद; तिचा सहावा भाग ते सध्या ऐकत होते.

वाचून दाखवायची ती सून, शीला. पुस्तकं तीच आणायची. घोडबंदर रोडच्या ऑफिसातून आली, की चहा घेऊन तासभर बसायची. पहिला भाग तिनं अडखळत, रडतखडत संपवला. सर पानोपानी उच्चार सुधारायचे. दुसऱ्या भागापासून मात्र तिची जीभ सुटली. त्याचंही श्रेय सरांनी लेखकालाच दिलं. रस्त्यात जॅम लागून ती उशिरा आली, की त्या दिवशी तर वाचन विशेष रंगायचं.

तिचं स्वतःचं मत कधी निघालं नाही. एकदा सरांनी विचारलं होतं, अश्मपुरीच्या राणीनं किल्ल्याचा चोरदरवाजा शत्रूलाच का दाखवला असेल? शीलानं पुस्तक मिटलं.

"उद्या सांगते, बाबा."

पोरगी साधी आहे, पुढचं पान उलटल्याशिवाय तिला काही सुचायचं नाही, असं सरांनी मनाशी धरलं आणि पुन्हा विचारलं नाही.

त्यांनी योगिनीला बजावलं, सहाही भाग टेबलावर मांडा आणि लेखकाला बोलवा. त्याला सगळ्यांसमोर नमस्कार करायचाय. आजवर त्यांनी एकाही लेखकाला केला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी शीला पुस्तक उघडून बसली. राणी वेढ्यात सापडली होती, आणि सरांना धीर नव्हता. तेवढ्यात योगिनीचा फोन आला. सरांनी शीलाला हातानं थांबवलं. लेखक यायला तयार झाले का, एवढंच विचारलं.

"सर, प्रकाशकांशी बोलले मी," योगिनी चाचरत म्हणाली. "पहिला भाग आला, त्याच वर्षी लेखक गेले. दुसरा भाग कुणी लिहिलाच नाही म्हणे."