विसरलेला पाना

“साहेब, तुमची लाडकी रुसलीय. येऊन बघता का?” गुंजाळने फोनवर साखर पेरली. जुन्या मालकाची लाल स्पोर्ट्स कार त्याने लिलावात उचलली होती. गुंजाळ त्यांच्याकडे कारकून असताना त्याच मालकाने त्याला एकदा अख्ख्या ऑफिसदेखत तिला धक्का मारायला लावलं होतं.

धंदा बुडालेले प्रधानसाहेब रिक्षाने आले. सोसायटीची माणसं गॅलऱ्यांत जमली होती.

“बॅटरी डाऊन झाली वाटतं. मारा की धक्का!” गुंजाळ आत बसूनच म्हणाला. साहेबांनी बाह्या सरसावल्या. गेटपर्यंत ढकलताना म्हाताऱ्याची दमछाक झाली, गाडी मात्र हूं की चूं करेना. गुंजाळ भरून पावला.

मग साहेबांनी बॉनेट उघडलं. बॅटरीची वायर कुणीतरी मुद्दाम सोडवलेली होती, आणि शेजारीच गुंजाळ सकाळी विसरलेला पाना पडला होता. साहेबांनी पान्याकडे पाहिलं, मग गुंजाळकडे. आता त्यांची शिवी ऐकायला तो आसुसला होता.

साहेबांनी वायर घट्ट बसवली. पाना रुमालाने पुसला आणि अदबीने त्याच्या हातात दिला.

“ड्रायव्हर ठेवणार असाल तर सांगा, साहेब.”