ज्वारीतला बझर

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याचं, वर्नलचं रॉकेट मैदानाशेजारच्या ज्वारीत पडलं आणि सापडलंच नाही. रॉकेट परत आणून दाखवल्याशिवाय आमचा हौशी रॉकेटवाल्यांचा क्लब वरच्या पातळीला पास करत नाही. म्हणून हिवाळ्यात त्याने तळघरात नवं रॉकेट बांधलं आणि त्यात एक बारीक, कर्कश बझर बसवला, जमिनीवर पडलं की वाजत राहणारा.

"आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन ये," मी हिवाळाभर सांगत होते.

"माझे कान ठणठणीत आहेत. तूच पुटपुटतेस."

आज रॉकेट झकास उडालं, पॅराशूटही उघडलं, आणि कॅन्ससच्या वाऱ्याने ते पुन्हा त्याच ज्वारीत नेऊन टाकलं. तासभर आम्ही कमरेएवढ्या पिकातून तंगडतोड करतोय, वर्नल पुढे, मी मागे. शेवटी बझरचा आवाज डोक्यात जायला लागला. पाहिलं तर वर्नलच्या बुटापासून दोन हातांवर ताटांमध्ये लाल रॉकेट आडवं पडलेलं. तो मात्र तसाच पुढे निघाला. मी त्याची बाही ओढली आणि तोंड उघडलं.


"जरा गप्प बस," तो वैतागून म्हणाला, "बझर ऐकू दे."