वाडग्याची ये-जा

"मला तुमचा आंबट कोबी आवडत नाही," मी शेजारच्या क्र्यूगरबाईंना जर्मनमध्ये सांगितलं आणि त्यांचा निळा वाडगा रिकामाच पुढे केला.

आम्ही जर्मनीत राहायला आलो तेव्हा त्यांनी तो वाडगा कोबीने भरून दिला होता. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. मी खिचडी भरून दिली. चार दिवसांत वाडगा पुन्हा दारात, कोबीसकट. मग माझे पोहे, त्यांचा कोबी. माझा शिरा, त्यांचा कोबी. वर्षभर आम्ही एकमेकींना "छान, छान" म्हणत होतो. त्यापलीकडचं जर्मन मला येतच नव्हतं.

मग भाषेच्या वर्गात आवडनिवड शिकवली. मास्तर म्हणाले, "घरी जाऊन कुणाशी तरी खरं बोला." माझ्या ओळखीचं इथे दुसरं होतं कोण?

क्र्यूगरबाईंनी वाडगा घेतला. मला समजावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "मी एकदाच देणार होते. पण तुम्ही भरून आणलात, मग मलाही द्यावंच लागलं. तुमचं खाणं मला सोसत नाही. कुत्र्याला घालते. तोही खात नाही."

सुटले एकदाची, म्हणत मी घरी आले. तरी पोहे भिजवताना सवयीने मूठभर जास्तच घेतले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. क्र्यूगरबाई रिकाम्या हातांनी आल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या जोडप्याचं त्यांना काय काय आवडत नाही, ते सांगत दोन तास बसल्या. मला बहुतेक सगळं कळलं, आणि सगळं पटलं.